आधी देणारीने चाखावे

आत्याच्या नखांवरची मेंदी अजून होती.

पाया पडून उठताना नम्रताची दृष्टी त्या बोटांवर गेली आणि ती अर्धवट वाकलेल्या स्थितीतच थबकली. भावाच्या, प्रज्वलच्या, लग्नाच्या आदल्या दिवशी, "नको गो, माझं काय आता मेंदीचं वय हाय?" असे आत्या म्हणत असताना, नम्रतानेच ती तिच्या दहाही नखांवर बळेबळे थापली होती. त्या लग्नाला दोन पावसाळे उलटून गेले होते. तळहातावरची मेंदी धुण्याभांड्यांत निघून जाते; नखांवरची तशी जात नाही. नख मुळाकडून वाढते, रंगलेला भाग पुढे सरकतो, आणि एक दिवस शेवटची तांबूस कोर नखाबरोबर कापली जाते. नम्रताच्या स्वतःच्या नखांवरची मेंदी त्याच वर्षी दिवाळीपूर्वी अशी संपली होती. आत्याच्या, सकुबाईच्या, नखांवर मात्र ती मुळापासून टोकापर्यंत, तसूभरही न सरकता, जशीच्या तशी बसलेली होती.

"परत लावलीस काय गो आत्या?"

"कोन लावनार? तूच लावलेलीस नाय का." सकुबाईने हात पदराखाली घेतला. "जा, हातपाय धू. रेश्मानी चाय ठेवलीय."

"मग नखं कापतेस कधी?"

"वाढली का कापीन," सकुबाई म्हणाली. पाऊस नाही म्हणून छत्री उघडली नाही, असे सांगावे इतक्या सहज तिने ते सांगितले.

तिच्या उजव्या तर्जनीवर विळ्याचा एक वारही नम्रताने पाहून घेतला होता. भातकापणीतला तो असावा. म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे. आता पौष चालू होता. ती जखम चिघळली नव्हती, तिच्यावर खपली धरली नव्हती, तिच्यातून रक्तही येत नव्हते. नुकतीच कापलेली काकडी दिसावी तशी ती स्वच्छ, उघडी आणि कोरडी होती.

तो म्हसा गावच्या जत्रेआधीचा रविवार होता. सापगावच्या ह्या घरातून औषध दिले जाण्याचा वर्षातला मोठा दिवस. कोणी मानेवर गाठ घेऊन, कोणी पापणीवर वाढलेल्या मसाने डोळा झाकलेला, अशी शहापूर-मुरबाडकडची माणसे सकाळपासून खळ्यावर येऊन बसत. औषध एकच होते. उंबरमाळीच्या रानात एका जुन्या ऐनाच्या खोडावर एक आळंबे फुटे; दिसायला कानाच्या पाळीसारखे, आणि वाळले की लाकडासारखे कठीण. घरात त्याला 'कान'च म्हणत. आदल्या संध्याकाळी झाडाच्या मुळाशी तांदूळ आणि सुपारी ठेवून त्याला आमंत्रण द्यायचे, आणि दुसऱ्या सकाळी एक अक्षरही न बोलता ते उतरवून आणायचे. कारण झाडावर असेपर्यंत जे त्याच्यासमोर बोलाल ते तो ऐकतो, अशी समजूत होती. पुढे ते सहाणेवर पाण्यात उगाळायचे. वाढणारे थांबते, एवढाच त्याचा गुण. गाठ विरघळत नसे, मस गळून पडत नसे. जेवढे असे तेवढेच राही. लोकांना तेवढेही पुष्कळ होते.

नियम एक होता, आणि तो मोडलेला कोणी पाहिला नव्हता. आधी देणारीने चाखायचे, मग घेणाऱ्याला द्यायचे. जे आपण आपल्या जिभेवर ठेवणार नाही ते दुसऱ्याच्या जिभेवर ठेवू नये, ह्या सरळ न्यायाने कोणा पूर्वजाने तो घातला असावा. घेणारा आयुष्यात एकदा घेई, फार तर दोनदा. देणारी मात्र येणाऱ्या प्रत्येकासाठी चाखे, आणि जत्रेचे दिवस सोडले तरी वर्षभर रोज कोणी ना कोणी येतच असे. सकुबाईने हा वसा तिची आत्या ठमा हिच्याकडून घेतला तेव्हा ती परकरातली पोर होती. ठमाला मूल झाले नव्हते. सकुबाईलाही झाले नाही. मुरबाडकडच्या तिच्या नवऱ्याने, कमळाकरने, काही वर्षे वाट पाहिली आणि एका सकाळी तिला एस्टीत बसवून सापगावला आणून सोडले, वांझ म्हणून. घराने ह्या दोन्ही गोष्टींचा मिळून एक अर्थ लावला होता: कान ज्या बाईला धरतो तिची कूस मागून घेतो. त्या अर्थाच्या आधाराने हे घर इतकी वर्षे निमूटपणे, आणि थोड्याशा अभिमानानेही, उभे होते.

आज सकुबाई तो वसा आपल्या भाच्याच्या बायकोला, रेश्माला, देणार होती.

नम्रता मुंबईच्या एका प्रयोगशाळेत वनस्पतींचे आणि बुरशींचे अर्क तपासण्याचे काम करी. गेल्या वर्षी ह्याच दिवशी ती निघाली असता आत्याने कानाचा एक तुकडा फडक्यात बांधून तिच्या हाती दिला होता. "बघ तुझ्या मशिनीत काय सांगतोय," इतकेच ती बोलली होती. तेव्हा नम्रताला त्याची गंमत वाटली होती.

स्पिरिटात काढलेल्या अर्कात काहीच निघाले नाही. मग तिने पाण्यात अर्क काढला, म्हणजे सहाणेवर उतरतो तसाच, आणि बाटलीत वाढवलेल्या पेशींवर तो सोडला. अर्क विषारी असेल तर पेशी मरतात. निरुपयोगी असेल तर वाढत राहतात. ह्या बाटलीतल्या पेशी मेल्याही नाहीत आणि वाढल्याही नाहीत. ज्या गुलाबी द्रवात पेशींना ठेवतात, तो त्या जगू-खाऊ लागल्या की पिवळा पडत जातो आणि बदलावा लागतो. शेजारच्या बाटल्या पिवळ्या पडत होत्या, बदलल्या जात होत्या; ही आठवड्यांमागून आठवडे गुलाबीच राहिली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे तर प्रत्येक पेशी पहिल्या दिवशीच्याच जागी, आणि ज्या दुभागता दुभागता सापडल्या होत्या त्या तशाच अर्धवट. "मेल्या नाहीत गं ह्या," शेजारच्या टेबलावरची रविना दबक्या आवाजात म्हणाली होती. "श्वास रोखून बसल्यात. कोणाची तरी वाट बघत असल्यासारख्या."

मग नम्रताने अर्क धुऊन काढला. दुसऱ्या सकाळी द्रव पिवळाधमक झाला होता. रोखून धरलेले सारे आयुष्य त्या पेशी एकदम जगायला निघाल्या होत्या. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, एकमेकींच्या अंगावर चढून. त्याच्या पुढच्या सकाळी बाटलीच्या तळाशी राखेसारखा गाळ होता. तिने पुन्हा करून पाहिले. पुन्हा तेच घडले.

हे सांगायला ती आली होती. पण बाबांना, एकट्यांना, सावकाश. बाटलीत घडते ते माणसात घडेलच असे धरून चालू नये, हा तिच्या शास्त्राचा पहिला दंडक होता आणि तो ती मानीत असे. ती नखे पाहिल्यापासून मात्र त्या दंडकाचा आधार तिला वाटेनासा झाला होता.

स्वयंपाकघरात रेश्मा भाकऱ्या थापीत होती. अंगावर आत्याने दिलेली नवी हिरवी साडी, केसांत अबोली.

"ताई, बसा ना. एवढी भाकर उतरवते नि चाय देते."

"रेश्मा, तू आज ते चाखू नकोस."

रेश्माचा हात परातीतच थांबला. तिने आधी दाराकडे पाहिले, मग नम्रताकडे. "ह्यांनी सांगितला काय तुमाला? बघा, पोटात काय राहत नाय यांच्या."

"काय सांगितलं?"

आपण उगाच बोलून बसलो हे रेश्माच्या ध्यानात आले, आणि ते मागे घेता येत नाही हेही. "दिवस गेलेत मला," ती खालच्या आवाजात म्हणाली. "अजून कोनाला नाय सांगितला. मागच्या टायमाला आधीच सांगून बसलो, नि मग काय झाला ते तुमाला म्हायतीच हाय. म्हनून बोललो, तिसरा सरू दे." पिठाने भरलेला हात नकळत पोटाशी गेला आणि हिरव्या साडीवर पाच बोटांचा पांढरा ठसा उमटला.

नम्रताच्या डोळ्यांसमोर त्या अर्धवट दुभागलेल्या पेशी आल्या.

"मग हो कशाला म्हणालीस?"

"आत्यांना नाय कसा बोलायचा? त्यांच्या हाताला आता कापरा सुटलाय, सहान धरवत नाय. नि ह्ये बोलले, कान मागतो ती रिकामी कूस, भरलेली कशी मागंल?" आपल्या नवऱ्याच्या ह्या युक्तिवादावर तिचाही पुरता विश्वास नसावा, बोलता बोलता तिचा आवाज खाली गेला. "नि जिभेलाच तर लावायचा हाय ना, ताई?"

"आज जिभेला. मग उद्या, परवा, जन्मभर. तो मागत बिगत नाही गं काही. तो थांबवतो."

तव्यावरची भाकरी करपू लागली तरी रेश्माने ती उलटली नाही. "मंग तुमीच सांगा भायेर जाऊन," ती शेवटी म्हणाली. "माझ्या तोंडून नाय निघायचा."

ओटीवर पाट मांडला होता, पाटावर सहाण, सहाणेजवळ पाण्याचा तांब्या आणि कानाचा नवा, तपकिरी तुकडा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या उगाळण्याने सहाण मध्यभागी इतकी खोल झाली होती की तिच्यात ओंजळभर पाणी राहिले असते. सकुबाई पाटाशी बसली होती. तिच्या एका बाजूला धाकटा भाऊ कुंडलिक, म्हणजे नम्रताचे वडील. दुसऱ्या बाजूला सर्वांत धाकटा ज्ञानेश्वर, शहापूरच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला. प्रज्वल दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तिघा भावंडांत थोरली सकुबाई. पण परक्या माणसाने पाहिले असते तर तो कुंडलिकाला बाप आणि तिला लेक समजला असता. गाव ह्याला देवीची कृपा म्हणे. गावातल्या लहान पोरी मात्र तिच्या मांडीवर बसत नसत, आणि डास तिला चावत नसत.

"या, शास्त्रज्ञ!" ज्ञानेश्वरने हात उंचावला. "काय म्हणतोय आमचा कान? पेपरात कधी येतोय? मी शहापुरात निम्म्या लोकांना सांगून बसलोय."

"पेपरात कशाला आनायचा?" कुंडलिक फणकारला. "बाय, तू तिला तुकडा दिलासच कशाला? रानातली वस्तू नेऊन बाटलीत भरायची! बोलायला बंदी हाय जिच्याम्होरं, ती मशिनीत घालायची."

"दादा, तू आंधळा तो आंधळाच. तपासलं तर बिघडतं काय? खरं असेल तर खरंच निघेल. काय गं नम्रता?"

"गुण आहे काका," नम्रता म्हणाली. "मी आजवर तपासलेल्या कुठल्याच अर्कात नाही असा गुण आहे."

"ऐका!" ज्ञानेश्वरने मांडीवर थाप मारली. "ऐक दादा!"

"आणि गुण आहे म्हणूनच रेश्माने तो चाखता कामा नये."

खळ्यावरच्या माणसांची कुजबूज ओटीपर्यंत ऐकू येत होती. ती आता एकाएकी मोठी वाटू लागली. नम्रताने बाटलीची हकिकत सांगितली. मेल्या नाहीत, वाढल्या नाहीत, श्वास रोखून बसल्या. अर्क धुऊन काढल्यावर काय झाले ते तिने सांगितले नाही.

ज्ञानेश्वर चष्मा पुसत ऐकत होता. "छान. पण बाटलीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे. हे वाक्य तुझंच आहे. मागच्या गणपतीत तू मला ऐकवलेलंस."

"आजही ऐकवीन. माणसात असंच होतं ह्याचा माझ्याजवळ पुरावा नाही."

"झालं तर मग! एवढी माणसं इथून घेऊन गेली, कोणाला बाधलं ते दाखव."

"घेणाऱ्यांनी एकदा घेतलं, काका. देणारीने जन्मभर घेतलं."

"देनाऱ्या दोघी झाल्या, मला ठावं हायत त्या," कुंडलिक म्हणाला. "ठमाआत्या न्‌ ही बाय. दोघी धडधाकट. कदी खोकला नाय, पडसं नाय."

"आणि मूल, बाबा?"

"मूल नाय. ती तर त्याची मागनी हाय, तुला काय नवीन सांगायचं?"

"मागणी नाही." पुढचे वाक्य आत्याच्या अंगावरून जाणारे होते आणि त्याला दुसरी वाट नव्हती. नम्रताने तिच्याकडे न पाहता ते बोलून टाकले. "पोटात मूल राहायचं म्हणजे काहीतरी वाढावं लागतं. जे गाठीला वाढू देत नाही, ते त्यालाही वाढू देणार नाही. गाठ कोणती न्‌ बाळ कोणतं, त्याला काय कळतं?"

प्रज्वल चौकटीपासून दूर झाला. "बाबा, रेश्माला दिवस गेलेत," तो म्हणाला. "उचला ती सहान. मला रिस्क नको कसलीच."

आतापर्यंत कानाची बाजू लढवणारा कुंडलिक गुडघ्यांवर हात देऊन उठला, वाकला, आणि ज्या तुकड्याला तो लहानपणापासून हात लावायला धजत नव्हता तो उचलून त्याने धोतराच्या सोग्यात गुंडाळला. "नाय चाखायची पोरगी," तो म्हणाला. "बास."

"दादा, ठेव ते खाली." ज्ञानेश्वरचा आवाज चढला होता. शास्त्राचा कैवारी एवढ्यात कुठल्या कुठे गेला होता. "बाहेर माणसं बसलीत. आणि ही पोरगी काय बोलते ते तुला समजलं तरी काय? रेश्माचं राहू दे. बाय वांझ नव्हती, असं बोलतेय ती! तसं असेल तर आपल्या घरानं तिला... परकरातल्या पोरीला हातात वाटी देऊन आमी... आणि मग कमळाकर सोडून गेला तेव्हा आमीच तिला..." भाषेची शुद्धता आयुष्यभर सांभाळलेला तो मनुष्य घराच्या बोलीत येऊन अडकला होता. "खोटं आहे हे," तो शेवटी म्हणाला. "खोटंच असलं पायजे."

"गप ऱ्हा ज्ञानू," सकुबाई म्हणाली.

ती एवढा वेळ सहाणेच्या खोलगट भागावरून अंगठा फिरवीत बसली होती. तिने मान वर केली. "म्हंजे खोट माझ्यात नव्हती."

"आत्या, मला तसं वाटतं. पण सिद्ध करायचं तर..."

"तुझा सिद्ध राहू दे तुझ्याकडं. तू सांग."

नम्रताने एकदा वडिलांकडे पाहिले. "नव्हती," ती म्हणाली.

सकुबाई हसली. ते हसू ऐकून आतून रेश्मा दारात आली. कारण ते म्हाताऱ्या बाईचे नव्हते. न्हाण न आलेल्या एखाद्या पोरीने विहिरीच्या काठावरून हसावे तसे ते होते, आणि ते तिच्या आत इतकी वर्षे तसेच ठेवलेले असावे.

"कमळाकरला चार पोरा झाली," ती म्हणाली. "जत्रेत दर साली दिसायचा. एक खांद्यावर, एक बोटाला. मी आपली घोंगडीवाल्याच्या आड उभी राहायची. माझ्यात खोट ना. त्याची पोरा मला बघून दचकायला नको, म्हनून." तिने नम्रताकडे पाहिले. "तुकडा काय उगाच दिला व्हता तुला? मला लय दिवस वाटायचा. पन इचारू कुनाला? देवाला इचारावा तं देव कानाच्याच बाजूचा."

तिने पदराने सहाण पुसली.

"आनि धुतल्यावर काय झाला?"

"कशाचं?"

"त्या पेशी का काय त्यांचा. औषध धुऊन काढलास आसशीलच तू. अर्ध्यावर सोडनारी नाय तू, मला म्हायत हाय."

उत्तर कुंडलिकानेच दिले, पण ते बाटलीविषयी नव्हते. "ठमाआत्या," तो स्वतःशीच पुटपुटला. "ज्ञानू, तू पाळन्यात व्हतास. तिला ताप भरला, गिळवंना, चाखनं बंद पडलं. त्या आठवड्यात केस पांढरे झाले. पाठ वाकली, दात पडले. सकाळी बघितलेली आत्या संध्याकाळी वळखू येत नव्हती. आमी पोरा भिऊन खोलीत जायचो नाय."

"उशाशी मी व्हती," सकुबाई म्हणाली. "पानी पाजायला."

आता नम्रताला उमगले. आपण काय सांगायला आलो आणि त्यातून काय सुटून चालले आहे, हे तिला एकदम दिसले, आणि ज्या वस्तूवर बंदी घालायला ती आली होती तिच्यासाठीच ती गयावया करू लागली. "आत्या, तू नको सोडूस. रेश्माने चाखू नये एवढंच माझं म्हणणं. तू घेत राहा. एकदम तर मुळीच सोडू नकोस. मी अजून तपासते, थोडं थोडं कमी करता येतं का पाहते. मला वेळ दे."

"वेळ?" सकुबाईने तिचा हात हातात घेतला. तो हात ऊनही नव्हता आणि गारही नव्हता. "तू बोललीस ना, श्वास रोखून बसल्यात त्या? मला कुनी सांगायला नको गो, कसा लागतो ते. लय वेळ झाला. कुंडलिक, तो तुकडा आन हिकडं."

"बाय..."

"आन बोलले ना."

तिने पाणी घातले आणि उगाळायला सुरुवात केली. हाताला कापरे होते, तरी सहाणेवर हळूहळू चहासारखा रंग उतरला. मग तिने खळ्यावरच्या पहिल्या बाईला हाक दिली. गळ्यावर लिंबाएवढी गाठ असलेली, म्हशाकडची कोणी पोक्त बाई होती. पदर सावरीत ती ओटीच्या पायरीशी येऊन बसली आणि रिवाजाप्रमाणे देणारीच्या तोंडाकडे पाहू लागली.

सकुबाईने शिंपल्यात औषध भरले. नेहमीप्रमाणे तो ओठांपाशी नेला नाही. सरळ बाईच्या पुढे धरला.

बाई थांबली. "तुमी आधी," ती म्हणाली.

"मी नाय चाखत आता."

"आसा कसा? देनारी आधी चाखते."

"चाखायची. आजपासून नाय." सकुबाईचा आवाज शांत होता. "तुला घ्यायचा तं घे. नाय तं शहापूरच्या दवाखान्यात जा. कापून काढतील गाठ. माझी इतकी वर्सा कोनी काढली नाय, तुझी काढतील."

त्या बाईने शिंपल्याकडे पाहिले, सकुबाईकडे पाहिले, मग पाठीमागे वळून आपल्या माणसांकडे पाहिले. जे देणारी आपल्या जिभेवर ठेवत नाही ते घेण्याची शिकवण ह्या मुलखात कोणालाच नव्हती. ती शिकवणही ह्याच घराने दिलेली होती. बाई उठली. तिच्यामागे दुसरे कोणी उठले. पापणीवर मस असलेला म्हातारा कुरकुरला, कोणीतरी "घराला काय तरी झालंय" असे म्हणाले, आणि सावल्या फिरण्याच्या आत खळे रिकामे झाले. भाताच्या पेंढ्यावर बसल्याच्या खुणा तेवढ्या उरल्या. कोणी बंदी घातली नव्हती, कोणी वाद जिंकला नव्हता.

ज्ञानेश्वर त्या रिकाम्या खळ्याकडे पाठ करून बसला होता. थोड्या वेळाने तो सरकत सरकत बहिणीपाशी आला आणि, लहानपणी बसत असेल तसा, तिच्या पायांशी टेकून बसला. तिने त्याच्या टकलावर हात ठेवला. तर्जनीवरच्या विळ्याच्या वारातून रक्ताचा एक थेंब वर आला आणि त्याच्या कानशिलावरून खाली ओघळला. दिवाळीत कापलेले ते बोट आता रक्ताळत होते. त्याने तो पुसला नाही.

नम्रता त्या दिवशी परत गेली नाही. सकाळी ती उठून पाहते तो सकुबाई उन्हात, उंबऱ्यावर, रेश्माला शेजारी घेऊन बसलेली. केस मोकळे होते. काल ते काळे होते; आज कपाळापाशी पांढरा पट्टा उमटला होता, तोही असा की जणू कोणी रात्रीतून विसरलेले काम पुरे करून गेले असावे. तोंडावर मात्र तिच्या घाईत असलेल्या माणसाची टवटवी होती.

"पोराचा नाव काय ठेवनार ते आताच सांगून टाका मला," ती रेश्माला म्हणत होती. "उगाच बारशापर्यंत ताटकळत नका ठेवू."

"आत्या, आसा काय बोलता?" रेश्मा रडत होती आणि हसतही होती. "मुलगी आसली तं?"

"मुलीचाबी सांग. दोन्ही सांग." नम्रताची चाहूल लागताच तिने मान वळवून हात पुढे केला. "आलीस? तुझ्या त्या पर्सात नखा काढायचा आसंल बघ कायतरी. टोचतात गो."

नम्रता खाली बसली आणि तिने तो हात गुडघ्यावर घेतला. दहाही नखांच्या मुळाशी एक कोवळी, गुलाबी-पांढरी कोर उगवून आली होती. मेंदी तिच्यापुढे सरकली होती, आणि बोटांच्या टोकांबाहेर आलेला तिचा भाग उन्हात तांब्यासारखा चमकत होता. एकेक नख तिने सावकाश कापले. तांबूस तुकडे उंबऱ्यावर पडत राहिले. रेश्माने ते वेचून आपल्या पदरात घेतले. सकुबाई एकेका बोटाकडे इतक्या कौतुकाने पाहत होती की जणू ते तिने स्वतः जन्माला घातले होते.

दुपारी ती नखे पुन्हा कापावी लागली.